फुकटची न्याहारी आणि दिवाळीची पोस्त

गेल्या दिवाळीत, ऐन नरकचतुर्दशीच्या सकाळी, मी फुकट न्याहारी केली. आणि खरे सांगायचे तर ती अजून माझ्या अंगी लागलेली नाही.

झाले असे की, नांद्याच्या आमच्या जुन्या घराचे छप्पर उतरवलेले होते. ‘दिवाळीच्या आत घर झाकून देतो’ असे गवंडी म्हणाला होता. फक्त कोणत्या दिवाळीच्या, तेवढे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. बंगळूरहून चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे यायची होती. त्यांना आभाळाखाली कोठे निजवावे, या विवंचनेत मी असताना चिरंजीवांनीच फोनवरून तोडगा काढला. “आप्पा, तुम्ही काळजी करू नका. माझं कार्ड आहे.” आणि आम्ही सहाही माणसे हिंजवडीकडच्या एका मोठ्या हॉटेलात दोन रात्रींसाठी उतरलो. नांद्याहून ते मोटारीने पाव तासाच्या वाटेवर. माझ्या लहानपणी त्या अंगाला आम्ही चुकलेली गुरे हुडकायला जात असू.

पहाटे हॉटेलच्या चकचकीत न्हाणीघरात उटणे लावून आम्ही अभ्यंगस्नान उरकले. (त्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलांवर उटण्याचे जे डाग पडले त्याबद्दल हॉटेलवाल्यांची येथे क्षमा मागतो.) खाली आलो तो केवढे दालन! इडल्या, पोहे, उपमा, पाव, अंडी, फळे, चौकोनी खड्डे पाडलेले विलायती घावन, आणि सणाचा मान म्हणून एका कोपऱ्यात चिवडा आणि शंकरपाळे. दारातल्या मुलीने फक्त खोलीचा नंबर विचारला आणि हसून आत सोडले. दुसरी एक मुलगी तासभर आमच्या भोवती राबत होती. नातवाने सांडलेले दूध तिने दोनदा पुसले, सूनबाईंचा चहा तिने तीनदा बदलून आणला. पोटभर खाऊन झाले, आणि मी सवयीने वाट पाहत बसलो.

कशाची? बिलाची. आणि बिलाबरोबर येणाऱ्या बडीशेपेच्या बशीची. माझा एक हात खिशात, खिशात एक नोट. ही नोट बशीत ठेवायची आणि उठायचे, एवढेच माझे वेळापत्रक. पण बशी येईना.

“आप्पा, उठा ना,” चिरंजीव म्हणाले.

“बिल?”

“बिल नाही. आपल्याला न्याहारी फुकट असते. कार्डावर.”

“ती आपल्याला. पण मग त्या मुलीचे काय?”

चिरंजीवांना प्रश्न समजला नाही, कारण त्यांच्या पिढीला तो पडत नाही. ज्या पानावर टिप लिहायची ते पानच आले नाही, तर टिपेची आठवण तरी कशी व्हावी? मुलगी पुढच्या टेबलाकडे गेली. नोट माझ्या खिशात राहिली. आणि चाळीस वर्षे पोरांना इतिहास शिकवलेल्या माणसाची जी खोड असते, ती जागी झाली.

फुकटचे जेवण ही गोष्ट आपल्या पुणे प्रांताला मुळीच नवी नाही. आमच्या मुळशीला लागूनच मावळ. तिथल्या तळेगावी सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. खंडेराव १७२९ साली वारले. पुढे १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पहिल्या बाजीरावाविरुद्ध लढताना पडले, आणि कालांतराने तो श्रावणातला दानधर्मही पुण्याकडे, पेशव्यांकडे आला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा बांधला गेला. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण येत, त्यांना कोंडवाड्यासारखे त्या रमण्यात घेत, आणि दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवीत. एकाच माणसाने दोनदा हात पसरू नये म्हणून ही युक्ती. हॉटेलच्या दारातला खोलीचा नंबर मला येथे आठवला. फुकट द्यायचे म्हटले की दाराशी कोणीतरी मोजायला उभे राहावेच लागते.

पण रमण्यात आणि त्या हॉटेलात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जेवू घालणाराच जेवणाऱ्याला पैसे देई! सुग्रास भोजन, वर विडा, वर दक्षिणा. आज एखाद्या परदेशी पाहुण्याला हे समजावून सांगू लागलो तर तो मला वेड्यात काढील. या दक्षिणेच्या आशेने माणसे किती लांब जात याची साक्ष वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी ‘माझा प्रवास’ या आपल्या पुस्तकात ठेवली आहे. ते १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्याच पैशाच्या आधारावर १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि १८५१ साली मराठी ग्रंथांना उत्तेजन देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली. फुकट जेवणाचे पैसे वळत वळत ग्रंथकारांच्या पानात पडले, ही मला पुण्याच्या इतिहासातली फार गोड गोष्ट वाटते.

तथापि या साऱ्या कहाणीत मला हवे असलेले माणूस कोठेच भेटत नाही. जेवणारा भेटतो, जेवू घालणारा भेटतो. त्याच्या नावाने पोवाडेही होतात. पण चुलीशी बसलेला आचारी, खांद्यावर कावड घेतलेला पाणक्या, पंगतीतून वाकून फिरणारा वाढपी यांचे काय?

त्यांना शोधायचे तर गावात यावे लागते. आमच्या गावगाड्यात श्रमाचा मोबदला रोख नव्हता. खळ्यावर धान्याची रास पडली की सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार असे बलुतेदार आपापला वाटा नेत. शिवाय सणावारी त्यांचे मान असत, आणि दिवाळीला काही ना काही घरटी द्यावेच लागे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात या हक्कांची आणि आयांची जी जंत्री आहे ती वाचून कुणब्याची कीव येते. आत्र्यांचा रोखही तोच आहे. परंतु त्या जंत्रीतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा मागणारा उपकार मागत नव्हता, तो आपला हक्क मागत होता. दिला नाही तर तो रागावे, भांडे, पंचांपुढे जाई.

हे लिहीत असताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. हक्क हक्क म्हणून जो गौरव करावा त्यातला एक हक्क शिळ्या भाकरीचाही होता. दारोदार फिरून उष्टे-शिळे मागून आणायचे आणि त्याला ‘हक्काची भाकर’ म्हणायचे, हे महारवाड्याच्या वाट्याला आलेले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना ती भाकर आणि मेलेल्या जनावराचे मांस दोन्ही सोडायला सांगितले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतनच गेले. जो हक्क माणसाला दाराबाहेर उभा करतो तो गेला हेच बरे झाले. फुकट मिळते त्याची किंमत कोणीतरी, कोणत्यातरी नाण्यात मोजतच असतो.

आता पोस्तीकडे येतो. तरुण वाचकांपैकी कित्येकांना हा शब्द ठाऊक नसेल. दिवाळी आली की पोस्टमन, भंगी, दूधवाला, गुरखा, घरचा गडी, हॉटेलातला पोऱ्या यांच्या हातावर जे काही ठेवायचे ती पोस्त. बक्षीस फारसीतून आले, इनाम अरबीतून आले, टिप साहेबाकडून आली. पोस्त कोठूनही आली असो, ती आपल्या अंगणात इतकी वर्षे नांदली की आता ती आपलीच. बक्षीस काय, खूश झालेला माणूस देतो, नाखूश झाला तर देत नाही. पोस्तीचे तसे नव्हते. ती वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाला. वर्षभर त्याने चहा गरम आणला की गार, हा हिशेब त्या दिवशी निघत नसे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे घर एका पोस्तीवर दिवाळी करीत असे.

दादा, म्हणजे माझे वडील, शनिवार पेठेतल्या एका खाणावळीत वाढपी होते. नांद्याला आमचे थोडे भात खाचर होते. मुळशीच्या आंबेमोहोराचे नाव मोठे, पण आमच्या वाट्याला यायचा तो चार महिन्यांचा तांदूळ. म्हणून दादांनी पुणे गाठले. सूस-पाषाणवरून सायकलने पंधरवड्यातून एकदा घरी येत. खाणावळीतच निजत, तिथेच जेवत.

पन्नास-साठच्या दशकातल्या पुण्याच्या खाणावळींवर कोणीतरी मोठा ग्रंथ लिहायला हवा. बाहेरगावचे विद्यार्थी, कारकून, एकटे राहणारे मास्तर हे त्यांचे ‘मेंबर’. दोन्ही वेळचे जेवण, महिन्याचे पैसे आगाऊ. त्या वेळी आमच्या दादांच्या मालकाचा दर ३० रुपयांच्या आसपास होता. रविवारी सकाळी ‘फीस्ट’, म्हणजे श्रीखंड किंवा जिलबी, आणि म्हणून रविवारी रात्री चूल बंद. मेंबर गावाला गेला तर त्याने आदल्या दिवशी सांगायचे. मग तो ‘खाडा’ वहीत मांडला जाई आणि पुढच्या महिन्यात वजा होई. न सांगता गेला तर ताट त्याच्या नावावर. पाहुणा आणला तर पाहुण्याच्या ताटाचे वेगळे पैसे. पण जुन्या मेंबराचा बाप गावाहून आला तर मालक ते पैसे लावीत नसत. वाचकहो, हिंजवडीच्या हॉटेलात माझ्या बाबतीत जे घडले ते हेच की! जुन्या मेंबराचा बाप आला, आणि त्याची न्याहारी नावावर पडली नाही.

दादांना सगळ्या मेंबरांचे खाणे पाठ. कोणाला भाताचा खालचा करपट भाग आवडतो, कोणाला लसूण चालत नाही, कोणाचा संकष्टीचा उपास आहे आणि कोणाचा फक्त तसा पुकारा आहे. महिनाभर कोणी टिप ठेवीत नसे. खाणावळीत ती रीतच नव्हती, टेबलावर बिलही येत नसे. पण दिवाळीच्या सुटीला गावी जाण्याआधी प्रत्येक मेंबर दादांच्या हातावर पोस्त ठेवी. कोणी रुपया, कोणी आठ आणे, सुखवस्तू असेल तर दोन रुपये. ते पैसे दादा रुमालात गाठ मारून आणीत. घरी आल्यावर आई ती गाठ सोडी आणि नाणी देवापुढे मांडी, मग आम्हा भावंडांचे कपडे ठरत.

१९६१ च्या जुलैची १२ तारीख पुण्यात कोणी विसरलेले नाही. पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला फुटले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. दादांची खाणावळ नदीच्या बाजूची. माणसे वाचली, पण भांडी, धान्याची पोती आणि मुख्य म्हणजे खाड्यांची वही वाहून गेली. कोणी किती पैसे भरले, कोणाचे किती देणे, सगळे मुठेच्या पोटात. पंधरा-वीस दिवसांनी उसन्या भांड्यांवर चूल पुन्हा पेटली तेव्हा मालकांनी मेंबरांना एकच सांगितले, “ज्याचे त्याने आठवून सांगा.” नवी वही घातली आणि ज्याने जो आकडा सांगितला तो मांडला. दादांना आकडे पाठ होते. मालकांनी त्यांना विचारले नाही आणि दादांनीही सांगितले नाही. एका मेंबराने आकडा खोटा सांगितला, असे दादा पुढे कधीतरी बोलून गेले. कोण, ते विचारले तर म्हणत, “त्याचंबी घर गेलं व्हतं.”

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली. मेंबरांतल्या निम्म्यांच्या खोल्या पुरात गेलेल्या. दादा आईला आधीच बोलून चुकले होते की औंदा रुमाल रिकामा. पण रुमाल आला. नाणी नेहमीपेक्षा बारीक, पण गाठ नेहमीएवढीच. नवे पैसे सुरू होऊन चार वर्षे झाली होती, तरी आई त्यांना आणेच म्हणे. पंचवीस पैशांचे एकेक नाणे ‘चार आणे, चार आणे’ म्हणून तिने देवापुढे मांडले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. खोटा आकडा सांगणाऱ्याचेही त्यात एक नाणे होते, असे दादांनी सांगितले.

पोस्तीचा हा धागा इतिहासाच्या मोठ्या वस्त्रातही गेलेला आहे. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, कामगारांना पगाराच्या १० टक्के जास्त द्यायला सुरुवात केली. पुढे त्याचे वर्षाकाठी एका पगाराच्या ‘बोनस’मध्ये रूपांतर झाले. चार वर्षे तो मिळाला. १९२३ चा मात्र मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी लाखाच्या वर कामगार संपावर गेले. त्यांचे म्हणणे, वर्षानुवर्षे मिळते तो हक्क. मालकांचे म्हणणे, खुशीने दिले ते बक्षीस. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल मालकांच्या बाजूने दिला, की असा हक्क मागता येत नाही. कामगार हरले. पण वाद मिटला नाही. तो चाळीस वर्षे चालला आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. हा आकडा कोठून आला म्हणाल तर १०० ला १२ ने भागून पाहा. बारा महिन्यांतला एक महिना; गिरणगावाचा तोच जुना दिवाळीचा पगार.

गिरणगावाचे नाव निघाले म्हणून तिथल्या खाणावळवाल्या बायांबद्दल थोडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘जुने गिऱ्हाईक’, ‘निष्ठावंत गिऱ्हाईक’ हे शब्द आपण फार सैल वापरतो. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे गिरणीकामगार लालबाग-परळच्या चाळींतून एखाद्या बाईकडे जेवायला असत. दहा बाय दहाची खोली, एक बाई, पंधरा-वीस पुरुषांचे डबे. पगार झाला की पैसे. १९७४ च्या संपात पगार थांबले, म्हणजे पैसे थांबले. पण कामगार जेवायला येतच राहिले आणि बाया वाढतच राहिल्या. वाण्याची उधारी तुंबली, अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडले. ते पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायांना सावकाराऐवजी बँकेतून कर्ज मिळवून दिले. येथे निष्ठा कोणाची कोणावर, हे पाहण्यासारखे आहे. मेंबराची खाणावळीवर असतेच, भूक ती शिकवते. खाणावळीची मेंबरावर असणे अधिक अवघड.

आता चिरंजीवांचे ते कार्ड. हे खूळ विमानवाल्यांनी काढले. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने जास्त मैल उडणाऱ्यांना फुकट प्रवास देऊ केला, आणि दोनच वर्षांत, १९८३ साली, हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी ती कल्पना उचलली. जितक्या रात्री राहाल तितके गुण. गुणांप्रमाणे चांदी, सोने, प्लॅटिनम अशा पायऱ्या. आणि वरच्या पायऱ्यांवर फुकट न्याहारी. हॉटेलच्या धंद्यात नुसत्या खोलीच्या भाड्याला ‘युरोपियन प्लॅन’ म्हणतात, न्याहारी धरून असेल तर ‘कॉन्टिनेन्टल’ आणि सगळी जेवणे धरून असतील तर ‘अमेरिकन’. पण कार्डावरची न्याहारी या तिन्हींत बसत नाही. ती भाड्यात धरलेली नाही. ती मानाची आहे. चिरंजीव प्लॅटिनम आहेत. वर्षातल्या शंभरेक रात्री ते कोठल्या ना कोठल्या हॉटेलात निजतात, त्या रात्री नातवंडे बाप नसलेल्या घरात निजतात. मग न्याहारी फुकट म्हणावी तरी कशी?

आणि एक पाहा. त्यांची न्याहारी एकदा जरी नाकारली गेली तर चिरंजीव व्यवस्थापकाला बोलावतील, तक्रार करतील, तो दिलगिरी मागेल. म्हणजे ती बक्षीस राहिली नाही, हक्क झाली. आणि वाढणारीची टिप? ती मात्र आपल्या मर्जीवरच. गावगाड्यात आणि गिरणीत राबणारा माणूस आपल्या वाट्याला हक्क म्हणत होता. या चकचकीत दालनात तो शब्द खाणाऱ्याने उचलून नेला आहे.

अमेरिकेत तर या मर्जीने कहर केला आहे. तिकडे आगगाडीच्या पुलमन डब्यांतले काळे नोकर कित्येक वर्षे मुख्यतः टिपेवर जगत. त्यांची संघटना १९२५ साली झाली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडले. वॉशिंग्टन संस्थानाने १९०९ साली टिप देणेच गुन्हा ठरवला. आणखी काही संस्थानांनी तसेच केले. पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. आज तिकडच्या मध्यवर्ती कायद्यात टिप मिळवणाऱ्याची किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे, ती १९९१ पासून हललेली नाही. टिप धरून ती सर्वसाधारण किमान मजुरीएवढी व्हावी अशी अट आहे खरी. पण भार गिऱ्हाइकाच्या मर्जीवरच. आपल्याकडे उपाहारगृहे बिलात परस्पर सेवाशुल्क लावू लागली. २०२२ च्या जुलैत ग्राहक प्राधिकरणाने त्यास मनाई केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने ती मनाई योग्य ठरवली. गिऱ्हाईक म्हणून मला तो निकाल पटतो. वाढप्याचा मुलगा म्हणून, बिलातून गेले ते कोणत्या वाटेने परत यावे, हा प्रश्न मात्र मला पडतो. बिलच नसेल तर तो दुप्पट पडतो.

असो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आमची दुसरी आणि शेवटची न्याहारी होती. मी रात्रीच एका पाकिटात पैसे घालून ठेवले होते. किती, ते सांगत नाही. चिरंजीवांना वाचायला हा अंक मिळणार आहे. आदल्या दिवशीची मुलगी दिसली तशी तिला हाक मारली.

“बाळ, गाव कोणतं तुझं?”

ती दचकली. “पौडच्या पलीकडचं, सर.”

“मी नांद्याचा.”

“अगंबाई, नांद्याचे? मग सर काय म्हणते मी, आजोबा की.” आणि तिने विनाकारण टेबल पुन्हा पुसले. पहाटे साडेपाचची पाळी, कंपनीची गाडी साडेचारला वाटेवर येते, सणाची सुटी पाडव्याला. एवढी हकीगत चहा ओतता ओतता झाली.

मी पाकीट पुढे केले. तिने हात मागे घेतला. “असं हातात घेत नाही आम्ही, आजोबा. पेटी आहे. महिन्याला उघडतात. आतल्या भांडीवाल्यांना पण वाटा असतो त्यात.”

भांडीवाल्यांना वाटा, हे ऐकून मला बरे वाटले. दादांच्या रुमालात तो नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

“पण ही टिप नाही. ही पोस्त आहे,” मी म्हणालो.

“पोस्त म्हंजे?”

मी तिला सांगितले. इतिहासाच्या मास्तरला कोणी ‘म्हंजे?’ विचारले की काय होते हे वाचकांस आतापावेतो समजले असेलच. पण मी आवरते घेतले. चिरंजीव घड्याळ पाहत होते. मुलगी ऐकून घेऊन आत गेली आणि एक वही घेऊन आली. साधी, शाळेतल्यासारखी, कोपरे दुमडलेली. पेटीत काय पडले त्याची ही वही मुलेमुली आपसांत ठेवतात, म्हणून मराठीत. तारीख, खोली, रक्कम, आणि शेवटी एक रिकामा रकाना. तिने सगळे भरले, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले: ‘पोस्ट’.

मी तिच्याकडून पेन मागून घेतले आणि ‘ट’चा ‘त’ केला.